मनमाड कुठल्या अंगाला

दौंड स्टेशनाबाहेर फिरोजचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, चार बाकडी, एक भट्टी आणि भज्यांची परात. तिथं रविवारी दुपारी ज्या माणसाच्या शर्टाचा खिसा उजवीकडं दिसेल, तो 'जंक्शन इलेव्हन'चा माणूस, हे खुशाल समजावं. साऱ्या जगाचा खिसा डावीकडं असतो. असू दे. या लोकांचे शर्ट इनुस टेलरनं शिवलेले, आणि इनुस टेलर म्हणजे क्लबाचे मॅनेजर. एकदा त्यांनी फिरोजच्या शर्टाला खिसा उजवीकडं लावून दिला. फिरोज तेव्हा ऐन पंचविशीतला, नटवा. आरशात बघून म्हणाला, "मॅनेजर, ही तर पुण्यात बी न्हाई अशी स्टाईल काढली तुम्ही!" झालं. दुसऱ्या महिन्यात गोलकीपर बन्सीनं तसाच शर्ट शिवून घेतला, मग पुढं ज्याला त्याला तेच पाहिजे. सोपानरावांनी तर लग्नकार्यात घालायच्या पांढऱ्या शर्टाचा खिसासुद्धा उसवून उजवीकडं लावून घेतला. लग्नात पाव्हणे विचारायचे, "आबा, शर्ट उलटा घातला का काय?" सोपानरावांना त्यात भारी अभिमान वाटायचा.

सोपानराव दौंडचे नव्हेतच. यवतचे. दीड एकर गुलाब आणि शेवंती, घरात बायको शेवंताबाई, आणि दोन्हीकडं काट्यांचा अनुभव सारखाच, असं ते स्वतःच म्हणायचे. फुलं पुण्याच्या मार्केटला घालून शटलनं परत यायचं हा त्यांचा नेम. अठ्ठ्याऐंशी सालात एका रविवारी ते गाडीत झोपले, यवत मागं गेलं, आणि जाग आली ती दौंडला. परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनाबाहेर हिंडताना त्यांनी आरडाओरडा ऐकला. शे-दोनशे माणसं घसा फोडून ओरडत होती, "मनमाड! मनमाड!" सोपानरावांना वाटलं, मनमाडची गाडी सुटायला लागलीय आणि ही सगळी माणसं खाली राहिलीत. ते कीव येऊन बघायला गेले. बघतात तर रुळाकडेच्या भरावावर माणसं बसलेली, खाली मैदान, आणि लाल-हिरव्या कपड्यातली पोरं एका चेंडूमागं जीव टाकून पळतायत. त्या दिवशी सोपानरावांच्या दोन गाड्या गेल्या. तिसरी पकडली तेव्हा त्यांना फुटबॉलचं येड लागलेलं होतं. शेवंताबाई म्हणायच्या, "दुसरी बायकू केली असती तर निदान भाकरी तरी थापली असती तिनं."

आता मनमाडचं काय ते सांगायला पाहिजे, नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही.

मॅनेजर कुणालाही 'उजवीकडं दे', 'डावीकडं दे' असं कधी ओरडायचे नाहीत. मैदानाच्या एका अंगाला रूळ, ते मनमाड. त्याच्या समोरचं अंग, ते कुरकुंभ. एक गोल पुण्याचा, दुसरा सोलापूरचा. पोरगं कुठल्याही तोंडानं पळत असो, मॅनेजर "मनमाड!" म्हणाले की बॉल रुळाकडं गेलाच पाहिजे. अर्धा खेळ झाल्यावर बाजू बदलल्या तरी मनमाड काही बदलत नाही, ते आपल्या जागी असतं. समोरच्या संघाला हे काही उमगायचं नाही. ते बिचारे येड्यासारखे बघत राहायचे, ही माणसं गावांची नावं कसली घेतायत.

आणि सगळ्यात मोठा शब्द म्हणजे 'इंजिन फिरव'. पुण्याकडनं आलेली मनमाडची गाडी दौंडला थांबते, तिचं इंजिन सोडतात, शेपटाला नेऊन जोडतात, आणि गाडी आल्या पावली उलट्या तोंडानं निघते. नवा माणूस घाबरतो, त्याला वाटतं गाडी परत पुण्याला चालली. दौंडकर नुसता हसतो. तसंच मॅनेजरांचं. पुढं वाट बंद झाली की ते ओरडायचे, "इंजिन फिरव!" की कॅप्टननं मागं न बघता बॉल आपल्याच गोलाच्या मनमाडकडच्या खांबाकडं मारायचा. बन्सी गोली आधीच तिथं येऊन उभा. तो पायानं अडवणार आणि एका लाथेत कुरकुंभाच्या अंगाला मोकळ्या उभ्या पोराकडं देणार. बघणाऱ्याच्या तोंडाचा आ वासलेला. मागं बघायची गरजच नाही, ही त्यातली खरी मजा. सोपानराव म्हणायचे, देवावर माणूस भरवसा ठेवत न्हाई एवढा रोहिदासचा त्या खांबावर हाय. रोहिदास म्हणजे कॅप्टन, कुरकुंभच्या एका कंपनीत कामाला, अंगापिंडानं काटक.

त्या मैदानावर जंक्शन इलेव्हन हरल्याचं कुणाला धड आठवत नाही. बाहेर मात्र जिंकल्याचंही आठवत नाही. बारामतीला हरले, इंदापूरला हरले, पुण्यात तर किती वेळा. पण त्याला कारणं होती. बारामतीला रेफरी तिथलाच. इंदापूरला ग्राउंड उतरतं. पुण्यात आदल्या दिवशीचं जेवण बाधलं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मॅनेजरांचा घसा. बाहेरगावी गेलं की त्यांचा आवाज बसायचा. कडेला नुसते उभे राहायचे, हात चोळत, आणि तोंडातून शब्द नाही. लोकांनी ठरवलं, बाहेरचं पाणी त्यांना मानवत नाही. तेव्हापासून बाहेरच्या मॅचला दौंडच्या पाण्याचा एक कॅन बरोबर जायचा. तो उचलायचा मान सोपानरावांचा. दौंडचं पाणी पिऊनही मॅनेजरांचा घसा काही उघडला नाही, तरी कॅन जायचा बंद झाला नाही.

दोन हजार दोनच्या दिवाळीआधी मॅनेजर मशीनवर बसल्या बसल्या गेले. पुढ्यात अर्धी शिवलेली लाल-हिरवी जर्सी होती. मयताला उजव्या खिशांची रांग लागली होती. चाळिसाव्याला सोपानराव मॅनेजरांच्या बायकोच्या, हमीदाभाभींच्या दारात हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "भाभी, मॅनेजर गेले. पर क्लबाचं नाव मी मरू द्यायचा न्हाई. माझा शब्द हाय." भाभी म्हणाल्या, "बसा भाऊ, चहा घ्या." त्यांना शब्दाबिब्दाचं काही वाटल्याचं दिसलं नाही. सोपानरावांना मात्र तो शब्द झोपू देईना.

कारण मॅनेजरांमागं मैदानही गेलं. ज्यांची जागा होती त्यांना ती लागणार होती. कुंपण पडलं, खडीचे ढीग आले, भरावावर तारा आल्या. त्यांची जागा, त्यांचं कुंपण. भांडायचं तरी कुणाशी? मग जिल्ह्याच्या ग्रामीण करंडकवाल्यांनी निरोप धाडला की ज्या क्लबाला मैदान नाही त्याला पुढल्या वर्षी घेता येणार नाही. यंदा पहिल्या चारांत आला तर गोष्ट वेगळी. आणि पहिल्या चारांत यायचं तर शिरूरच्या संघाला शिरूरात जाऊन हरवायला हवं होतं. बरोबरी झाली तर मॅच पुन्हा होणार होती, तेवढीच एक फट.

त्या मॅचच्या आधीच्या रविवारी फिरोजच्या बाकड्यांवर बसून सगळे मॅनेजरांच्याच आठवणी काढत होते. दुसरं होतं काय काढायला?

"मॅनेजर म्हंजी बुद्धिबळाचं डोकं," बन्सी म्हणाला. "पुण्याचा तो कोच आला व्हता, आठवतंय का? वहीत लिहून घेत व्हता, मनमाड म्हंजी काय, मनमाड म्हंजी काय. शेवटी कंटाळला आन् भजी खाऊन गेला."

"पैसं दिलं न्हाईत त्या भज्याचं," फिरोज भट्टीपाशी उभा राहून म्हणाला. मग कुणाकडं न बघता म्हणाला, "एक विचारू का? राग मानू नका. माणूस सोन्यासारखा व्हता, माझा बी जीव व्हता त्यांच्यावर. पर बाहेर आपण एक तरी म्याच जिंकलो का?"

बाकड्यावर एकदम गलका उठला. रेफरी, उतार, जेवण, घसा, सगळं पुन्हा निघालं. "तू भजी तळ गपगुमान!" सोपानराव ओरडले. त्यांचे कान लाल झाले होते. "ज्या माणसानं तुला स्टाईल शिकवली त्याच्याबद्दल बोलतोयस तू. खिसा बघ तुझा, खिसा!" फिरोजनं खिशाकडं बघितलं आणि परातीत पीठ कालवायला लागला.

रोहिदासनं भज्यांची बशी बाजूला सारली. तो म्हणाला, "आबा, शिरूरला मॅनेजर म्हणून तुम्ही उभं ऱ्हावा. आमच्यात त्यांचं शब्द तुमच्याइतकं पाठ कुणालाच न्हाईत."

फुलं पिकवणारा माणूस, उभ्या जन्मात बॉलला पाय लावला नव्हता. पण 'नाही' म्हणायचं त्यांच्या मनातही आलं नाही. घरी आल्यावर त्यांनी शेवंताबाईंना सांगितलं. बाईंनी परडीतली फुलं निवडता निवडता एवढंच म्हटलं, "जावा. पर हरलासा तर रडत येऊ नगा." त्या रात्री सोपानरावांनी पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली.

टेम्पो निघाला तेव्हा जानेवारीचं ऊन होतं. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या. न्हावऱ्याला चहाला थांबले तेव्हा तिथल्या कुणी विचारलं, वरात कुठली? बन्सी म्हणाला, "जंक्शन इलेव्हनची!" आणि सगळे टेम्पोतनं ओरडले, "मनमाड! मनमाड!" कॅन सोपानरावांच्या मांडीवर होता. त्यांना वाटलं, जिंकणार आपण. मॅनेजर वरनं बघणार. भाभींना जाऊन सांगायचं, नाव राहिलं.

शिरूरचं मैदान ऐसपैस. एका अंगाला लांब घोडनदीचा काठ, दुसऱ्या अंगाला गाड्या लावायची जागा. टेम्पो तिथं लागला आणि दौंडची माणसं टेम्पोला टेकून बसली. शिरूरकरही बरेच जमले होते. शिट्टी झाली. सोपानराव रेघेशी जाऊन उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला, आणि रोहिदासच्या पायात बॉल येताच आयुष्यातला पहिला हुकूम सोडला.

"मनमाड!"

रोहिदासनं बॉल थांबवला. मान वर केली. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. रूळ कुठं असायला पाहिजे होता ते त्याचे डोळे शोधत होते. तोवर शिरूरच्या पोरानं बॉल काढून नेला.

पहिला अर्धा खेळ हे असंच चाललं. सोपानराव "मनमाड" म्हणाले की निम्मी पोरं नदीकडं पळायची आणि निम्मी टेम्पोकडं. "कुरकुंभ" म्हणाले की तीच पोरं एकमेकांना आडवी येत उलटी पळायची. टेम्पोपाशी बसलेल्या माणसांतही जुंपली. "आरं, मनमाड तिकडं!" "तिकडं कसं, तिकडं तर न्हावरं!" शिरूरच्या लोकांना आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा त्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. "दौंडकरांची गाडी चुकली!" "ओ आबा, आमच्याकडं रेल्वे न्हाई, यष्टीनं जावा मनमाडला!" सोपानरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बन्सी गोलात वाघासारखा उड्या मारत होता म्हणून, नाही तर केव्हाच निकाल लागला असता.

हाफटाइमला पोरं कॅनभोवती जमली. रोहिदास धापा टाकत म्हणाला, "आबा, काय तरी एक ठरवा. मनमाड कुठल्या अंगाला धरायचं?"

सोपानरावांनी डोकं चालवलं. खरोखर चालवलं, आणि त्यात काही चूकही नव्हती. "नदीच्या पल्याड नगर," ते म्हणाले. "नगरच्या पल्याड मनमाड. तवा नदीच्या अंगाला मनमाड. सगळ्यांनी ध्यानात ठेवा." पोरांनी माना हलवल्या. रोहिदासनं दोनदा म्हणून घेतलं, नदी म्हंजी मनमाड, नदी म्हंजी मनमाड. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं.

बन्सी तेवढा तिथं नव्हता. त्याचा गुडघा फुटला होता, तो पलीकडं हापशावर रक्त धूत होता. तो परत आला तो थेट गोलात जाऊन उभा राहिला, आणि त्याला कुणी काही सांगितलं नाही. सोपानरावांनीही नाही.

दुसऱ्या अर्ध्यात खेळ एकदम जुळला. "मनमाड!" म्हटलं की बॉल नदीकडं जायला लागला, "कुरकुंभ!" म्हटलं की टेम्पोकडं. शिरूरकरांचं हसू थांबलं. रोहिदासचा एक फटका दांड्याला लागून बाहेर गेला तेव्हा टेम्पोपाशी माणसांनी डोक्याला हात लावले. सोपानरावांच्या अंगावर काटा आला होता. हा माझा आवाज न्हाई, त्यांच्या मनात आलं, मॅनेजर बोलत्यात माझ्या तोंडातनं.

खेळ संपत आला. शून्य-शून्य. बरोबरी झाली तरी मॅच पुन्हा मिळणार होती, आणि आता तर गाडी रुळावर आली होती. रोहिदास आपल्याच गोलापुढं बॉल घेऊन उभा होता, आणि समोरनं तिघं धावून आले. पुढं वाट नव्हती. सोपानरावांनी धोका नको म्हणून, सगळ्यात खात्रीचं, सगळ्यात सवयीचं होतं तेच सांगितलं.

"इंजिन फिरव!"

रोहिदासनं मागं न बघता बॉल नदीकडच्या खांबाकडं मारला. अगदी मापात, जसा वर्षानुवर्षं मारत आला होता तसा. बन्सी टेम्पोकडच्या खांबापाशी पाय रोवून, वाट बघत उभा होता. बॉल मोकळ्या गोलात सावकाश गेला. त्याला थांबवणारं कुणी नव्हतं.

मग जो काही दंगा झाला तो विचारू नका.

"नदीकडं मनमाड ठरलं व्हतं ना रं!" रोहिदास नदीकडं हात करून किंचाळत होता.

"आपली माणसं बसत्यात तिकडं मनमाड!" बन्सी टेम्पोकडं हात करून ओरडत होता. "भराव तिकडं, माणसं तिकडं, मनमाड तिकडं! आजपातुर कवा बदललंय का ते?"

दोघं गोलात उभे राहून दोन दिशांना हात करत होते. मग दोघांनीही एकदम सोपानरावांकडं बघितलं. सोपानरावांच्या हातात कॅन होता. थोड्या वेळात रेफरीनं शेवटची शिट्टी मारली.

परतीच्या टेम्पोत आधी भांडण झालं, मग रडारड, मग गप्प. चौफुल्याच्या अलीकडं कुणीतरी उसासा टाकला, "मॅनेजर असते तर असं झालं नसतं." सगळ्यांनी माना हलवल्या. हॉटेल बंद ठेवून आलेला फिरोज तेवढा बाहेर बघत राहिला.

"आबा," रोहिदास अगदी हळू म्हणाला, "नुसतं उजवीकडं म्हणायचं व्हतं की वो."

"मॅनेजर कवा म्हणले का उजवीकडं?" सोपानराव तडकले. "सांग की! एकदा तरी म्हणले का?"

रोहिदासनं आठवून बघितलं. बन्सीनंही बघितलं. कुणालाच आठवेना.

दिवेलागणीला सोपानराव हमीदाभाभींच्या दारात उभे राहिले. मशीनवर कापड झाकलेलं होतं. भाभी खाली बसून कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होत्या. सोपानराव आत गेले नाहीत, उंबऱ्यापाशीच उभे राहिले.

"भाभी, शब्द पाळता आला न्हाई," ते म्हणाले. "नाव गेलं. माझ्यामुळं गेलं. मॅनेजरांसारखं मला सांगता आलं न्हाई पोरांस्नी. त्यांचा घसा बसत नसता तर त्यांनी बाहेर बी..."

"घसा?" भाभींनी सुई थांबवली. "कुणाचा घसा?"

"मॅनेजरांचा. बाहेरगावी बसायचा न्हवं का. आम्ही कॅन न्यायचो."

भाभींनी साडी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "या, बसा भाऊ." सोपानराव बसले.

"घशाला काय धाड भरली व्हती त्यांच्या," भाभी म्हणाल्या. "घरात तर छपराची कौलं उडंस्तवर ओरडायचे. त्यांस्नी उजवं-डावं कळायचं न्हाई, भाऊ. लहानपणापासनंच. लगीन झालं तवा मला बी कळलं न्हाई. मग बघितलं, शिवताना म्हणायचे, खिडकीकडची बाही, दाराकडची बाही. खिसा कुठं लावायचा ती खूण मी करून द्यायची खडूनं. एकदा मी माह्येरी गेले व्हते, तवा फिरोजच्या शर्टाचा खिसा चुकला. आले तर डोकं धरून बसलेले, म्हणाले, इज्जत गेली. आन् दुसऱ्या दिवशी फिरोज नाचत आला, स्टाईल म्हणून."

सोपानरावांचा हात आपोआप छातीच्या उजवीकडं गेला.

"दौंडला रूळ दिसायचा, तवा त्यांचं चालायचं," भाभी म्हणाल्या. "बाहेर गेलं की काय म्हणून ओरडायचं? मनगटावर खडूची रेघ मारून जायचे, हा डावा म्हणून. घामानं पुसायची ती. हरून आले की जेवायचे न्हाईत. म्हणायचे, हमीदा, पोरं चांगली हायत, कुठं बी गेली असती. मी त्यांस्नी माझ्यासारखं करून ठेवलं. आता सोडतो म्हणायचे. आन् रविवार आला की तुमची हाक यायची, आन् निघायचे."

सोपानरावांना फिरोजवर ओरडलेलं आठवलं. त्यांना वाटलं, रागवावं कुणावर तरी. पण झाकलेल्या त्या मशीनकडं बघून त्यांना राग येईना. नुसतं वाईट वाटत होतं, इतकं की उठवत नव्हतं. जो माणूस हात चोळत कडेला उभा असायचा, त्याच्या हातावरची ती रेघ इतक्या वर्षांत एकदाही त्यांना दिसली नव्हती.

"कुणाला सांगू नका," भाभी म्हणाल्या. "त्यांनी मला शपथ घातली व्हती. तुम्ही शब्दाचं बोललात म्हणून निघून गेलं तोंडातनं."

"न्हाई सांगत," सोपानराव म्हणाले. कॅन त्यांनी तिथंच दारात ठेवला.

पुढच्या रविवारी ते फुलं घालून पुण्याहून परतले, आणि जागे असूनही यवतला उतरले नाहीत. फिरोजच्या हॉटेलात बन्सी होता, आणखी तिघंचौघं होते. खेळायला क्लब नव्हता, ओरडायला मैदान नव्हतं, तरी माणसं आली होती. बन्सी म्हणाला, "मॅनेजर असते तर शिरूर म्हंजी काय, पुण्याला बी लोळवलं असतं, काय आबा?"

"व्हय," सोपानराव म्हणाले.

फिरोजनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. सोपानरावांनी त्याच्याकडं बघितलं नाही.

तेवढ्यात रोहिदास आला. कंपनीतल्या क्रिकेटच्या टीममध्ये त्याला घेतलं होतं, तिकडंच निघाला होता. बसायला वेळ नव्हता, उभ्यानंच चहा घेतला. क्रिकेटमध्ये काय, तो म्हणाला, बॅट लावायची आन् पळायचं, कुणी गावाची नावं घेत न्हाई. सगळे हसले. त्याच्या अंगात नवा आकाशी शर्ट होता.

"कुणी शिवला?" बन्सीनं विचारलं.

"शिवतंय कोण आता? रेडिमेड हाय," रोहिदास म्हणाला, आणि पैसे द्यायला त्यानं खिशात हात घातला. खिसा डावीकडं होता.